माजी विद्यार्थ्यांची यादी आणि गुणांचा तक्ता

पत्र : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी बारावीत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली असून पुढे तिला चित्रकलाच शिकायची आहे. खासगी संस्थांचे शुल्क आम्हाला झेपणारे नाही, म्हणून मुंबईचे जेजे कला महाविद्यालय, बडोद्याच्या विद्यापीठातील ललितकला शाखा आणि शांतिनिकेतनचे कलाभवन या तीन सार्वजनिक संस्थांचा आम्ही विचार करत आहोत. तिन्ही ठिकाणच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या याद्या मिळवून मी एक तक्ता केला आहे. नोबेलला १० गुण, भारतरत्नाला ८, पद्म पुरस्काराला ५ असा हिशेब धरला तर शांतिनिकेतन पहिले येते. माझ्या दिरांचे म्हणणे असे की, चित्रे कोट्यवधींना विकली जातात ती जेजेच्या चित्रकारांची, तेव्हा तिथेच पाठवावे. मुलगी म्हणते की तक्त्याला काही अर्थ नाही. तक्ता सोबत जोडला आहे. तिची एक वहीही पाठवत आहे; एसटी स्टँडवर बसून ती माणसे काढते. कृपया मार्गदर्शन करावे. — एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमचा तक्ता मी दोनदा तपासला. बेरीज अचूक आहे. मात्र ज्या संख्यांची ती बेरीज आहे त्या एका जातीच्या नाहीत, आणि हे एका गणिताच्या शिक्षिकेला मी सांगावे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे, याची मला कल्पना आहे.

सर्वांत जास्त गुण मिळवून देणाऱ्या नोबेलपासूनच सुरुवात करू. तुमच्या तक्त्यात तीन नोबेल आहेत. जेजेच्या रकान्यात रुडयार्ड किपलिंग आहेत. त्यांना १९०७ साली साहित्याचे नोबेल मिळाले हे खरे, पण जेजेशी त्यांचा संबंध इतकाच की त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये तेथे शिल्पकलेचे अध्यापक म्हणून आले आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला संस्थेच्या आवारातील घरात मुलाचा जन्म झाला. पाच वर्षांचे झाले तेव्हा त्यांची रवानगी इंग्लंडला झाली. पाळण्यातल्या मुलाचे १० गुण तुम्ही कलाशाळेच्या पारड्यात टाकले आहेत. शांतिनिकेतनच्या रकान्यातील रवींद्रनाथ ठाकूर हे तर संस्थेचे संस्थापकच होत, आणि त्यांचे १९१३ चे नोबेल विश्वभारती, म्हणजे कलाभवन ज्याचा भाग आहे ते विद्यापीठ, स्थापन होण्यापूर्वीचे आहे. अमर्त्य सेन तेथे शिकले ते पाठभवन या शाळेत, आणि १९९८ चे त्यांचे नोबेल अर्थशास्त्राचे आहे. म्हणजे तीनही नोबेल वगळली तरी तुमच्या मुलीला हातात कुंचला धरायला कोण आणि कसे शिकवणार, या प्रश्नाचे उत्तर तसूभरही बदलत नाही. बदलते ती फक्त बेरीज.

दुसरी चूक अगदी स्वाभाविक आहे आणि ती अनेकांकडून होते. दादासाहेब फाळके यांना तुम्ही शांतिनिकेतनच्या रकान्यात बसवले आहे, कारण कुठेतरी ‘कलाभवनात शिक्षण’ असे वाचले असणार. ते कलाभवन बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८९० मध्ये निघालेली ती तंत्रशिक्षणाची संस्था होती आणि आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा तिच्यातून वाढली. फाळके आधी जेजेत आणि मग या कलाभवनात शिकले. शांतिनिकेतनचे कलाभवन सुरू झाले १९१९ मध्ये, तोवर ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येऊन सहा वर्षे उलटली होती. तेव्हा फाळके तिसऱ्या रकान्यातून काढावेत. दुसऱ्या रकान्यातही ते सरळ बसत नाहीत, कारण तुम्ही ज्या ललितकला शाखेचा विचार करत आहात ती १९४९-५० च्या सुमारास स्वतंत्रपणे उभी राहिली.

अशा दुरुस्त्या करत बसलो तर तक्ता हळूहळू बरोबर होईल, पण उपयोगाचा होणार नाही. नामवंतांची यादी निरुपयोगी असते, असे मात्र मी म्हणणार नाही. तिचे वजन करायचे नसते, ती वंशावळीसारखी वाचायची असते. वंशावळीत केवळ नाव असून भागत नाही. कोणाचा कोण आणि कोणत्या साली, हे लागते. तुमच्या तक्त्यात ‘पुरस्कार’ आणि ‘गुण’ असे रकाने आहेत. त्याऐवजी प्रत्येक नावापुढे ‘कोणाकडे शिकले’ आणि ‘केव्हा’ असे दोन रकाने पाडा, आणि ती यादी पुन्हा एकदा मुलीला शेजारी बसवून भरा. मी थोडी भरून दाखवते.

सर जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जेजेची सुरुवात १८५७ साली झाली. तिथला एक धागा जॉन ग्रिफिथ्स या अध्यापकापासून निघतो. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करत होते. पुढे त्यांपैकी बऱ्याच प्रतिकृती लंडनला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, परंतु ज्या मुलांनी अंधाऱ्या लेण्यात, ओल खाल्लेल्या भिंतीसमोर महिनोन्महिने एकेका रेषेचा माग काढला, त्यांच्या हाताला लागलेले वळण आगीत जाणार नव्हते. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. तुमच्याच कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जेजेत दाखल झाले तेव्हा ग्रिफिथ्स तेथे होते. धुरंधर १८९६ मध्ये तिथेच अध्यापक झाले, १९३१ पर्यंत शिकवत राहिले आणि अखेरच्या काळात काही दिवस संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले, जे तोवर इंग्रजांकडेच असे. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून एकेचाळीस वर्षे एकाच इमारतीत काढलेल्या या माणसाने त्या सगळ्या वर्षांच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या आहेत. तुमच्या शाळेच्या किंवा तालुक्याच्या ग्रंथालयात त्या मिळाल्या तर मुलीआधी तुम्हीच वाचा. त्यांची कन्या अंबिका धुरंधर या जेजेतून पदविका घेतलेल्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी होत. तुमच्या तक्त्यात त्यांचे नाव नाही, कारण त्यांच्या नावापुढे कोणताही पद्म पुरस्कार नाही.

याच पद्धतीने पुढच्या काळात शंकर पळशीकर यांचे नाव लागते. ते जेजेचे विद्यार्थी होते, मग दीर्घकाळ अध्यापक आणि नंतर अधिष्ठाता झाले. चित्रबाजारात त्यांच्या नावाचा फारसा गाजावाजा नसतो, परंतु त्या पिढीतील चित्रकारांच्या मुलाखती किंवा लेख वाचले तर त्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनी पुढे स्वतः जेजेत दोन दशके शिकवले आणि मराठीत चित्रकलेवर लिहिलेही. यादीत ‘अध्यापक’ म्हणून येणारी अशी नावे माझ्या मते ‘माजी विद्यार्थी’ या सदराखालील झगमगत्या नावांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचायला हवीत, कारण संस्था म्हणून जे काही असते ते बहुतेक याच लोकांच्या दिनक्रमात असते.

बडोद्याच्या बाबतीत तर ही गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना ही शाखा उभी राहिली आणि तिला सुरुवातीला लाभलेली माणसे वेगवेगळ्या दिशांनी आलेली होती. नारायण श्रीधर बेंद्रे मूळ इंदूरचे, तेथे चित्रकार देवळालीकरांकडे शिकलेले. १९५० पासून सुमारे सोळा वर्षे त्यांनी बडोद्यात चित्रकला शिकवली. शंखो चौधुरी हे शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्या हाताखाली तयार झालेले शिल्पकार. त्यांनी बडोद्यात शिल्प विभाग उभा केला. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन मद्रासला अर्थशास्त्र शिकत होते, ‘छोडो भारत’ चळवळीत तुरुंगात गेले, सरकारी महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले आणि म्हणून १९४४ मध्ये शांतिनिकेतनला पोचले. तेथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर यांच्याकडे शिकून १९५१ मध्ये ते बडोद्यात अध्यापक झाले, आणि १९८० मध्ये शिकवण्यासाठी पुन्हा शांतिनिकेतनला परतले. त्यांचे २०१२ चे पद्मविभूषण तुम्ही दोन्ही रकान्यांत मोजले आहे. त्यात तुमची चूक नाही. दोन्ही संस्थांचा त्यावर हक्क आहे. पण एकच नाव दोन ठिकाणी आले, तिथेच थांबून विचार करायला हवा होता, कारण त्या दुहेरी नोंदीतच बडोद्याचा इतिहास आहे. शांतिनिकेतनातील शिकवण्याची एक रीत एका माणसाबरोबर आगगाडीने गुजरातेत आली आणि तेथे रुजली.

ती रीत कशी होती याची एकच खूण सांगते. १९६१ पासून बडोद्याच्या या शाखेत मेळा भरू लागला, आणि त्यासाठी अध्यापक व विद्यार्थी एकत्र बसून खेळणी करत. सुब्रमण्यन स्वतः लाकूड, मणी, चामडे, दोरा घेऊन खेळणी करत असत. ज्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकाला लाकडी मणी ओवताना पाहिले आहे, त्याला ‘ही कला आणि ती हस्तकला’ असा भेद करणे पुढे कठीण जाते. त्यांच्या विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी यांनी दोरखंडाला गाठी मारून जी माणसाच्या उंचीहून मोठी शिल्पे उभी केली, त्यांचे मूळ मला या खेळण्यांच्या आसपासच दिसते. या मृणालिनी बिनोदबिहारींच्या कन्या. पुन्हा दोन रकाने एकमेकांत मिसळले.

बिनोदबिहारींचे नाव तुम्ही यादीत तळाशी टाकले आहे. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू होती. कलाभवनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. पुढे तिथेच अध्यापक झाले आणि १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे ते विलक्षण लांब भित्तिचित्र रंगवले. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरी ते काम करत राहिले आणि शिकवतही राहिले. त्यांच्याकडे शिकलेल्या एका विद्यार्थ्याने १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. तो विद्यार्थी म्हणजे सत्यजित राय, ज्यांचे भारतरत्न तुमच्या तक्त्यात ८ गुणांनी चमकते आहे. राय १९४० मध्ये कलाभवनात गेले आणि १९४२ मध्ये अभ्यासक्रम पुरा न करताच कलकत्त्याला परतले आणि पुढे जाहिरात संस्थेत नोकरीला लागले. काटेकोर हिशेब केला तर ते पदवीधर नाहीत, म्हणजे निकालाच्या टक्केवारीत संस्थेला खाली ओढणारे विद्यार्थी आहेत. तरीही त्या दोन वर्षांत त्यांना काय मिळाले हे त्यांचा तो माहितीपट पाहिला म्हणजे समजते.

आता तुमच्या दिरांचा मुद्दा. त्यांच्या मनात बहुधा वासुदेव गायतोंडे असावेत. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेल्या गायतोंडे यांनी १९४८ मध्ये जेजेची पदविका घेतली. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव घरोघरी पोचले. ते चित्र १९७९ चे होते आणि गायतोंडे २००१ मध्ये वारले होते. शेवटची अनेक वर्षे दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील एका लहानशा घरात, फार कोणाला न भेटता त्यांनी काढली. ती किंमत चित्रकाराच्या हाती पडलेली नाही आणि त्याच्या संस्थेच्या हाती तर नाहीच. ती एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेली. दिरांना हे वाद घालण्यासाठी सांगू नका, कारण मुलीच्या शिक्षणाला त्यांचा विरोध नाही, ही तुमच्या घरातली मोठीच जमेची बाजू आहे. एवढेच सांगा की लिलावाची किंमत पाहून कलाशाळा निवडणे म्हणजे आजोबांच्या कारखान्याचा भाव पाहून नातवाची शाळा निवडण्यासारखे आहे.

यादीच्या समासातही बरेच काही लिहिलेले असते, फक्त ते छापलेले नसते. जेजेच्या यादीत तुम्ही फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना मानाचे स्थान दिले आहे. सूझांना स्वातंत्र्य चळवळीतील सहभागावरून १९४५ मध्ये जेजेतून काढून टाकण्यात आले होते. दोन वर्षांनी त्यांच्याच पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट निघाला. त्यात जेजेचे सय्यद हैदर रझा होते, जे आधी नागपूरच्या कलाशाळेतून आले होते, आणि जेजेचेच शिल्पकार सदानंद बाकरे होते. परंतु त्याच गटातील कृष्णाजी हौळाजी आरा हे चित्रकला मुख्यतः स्वतःच शिकले होते. ते लोकांच्या घरी कामाला होते, मोटारी धुवत होते. आर. के. लक्ष्मण तुमच्या यादीत नाहीत हे योग्यच, कारण जेजेने त्यांचा प्रवेश अर्ज नाकारला होता. मग ते म्हैसूर विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि त्यांचा सामान्य माणूस पुढे कुठे कुठे पोचला हे आपण सर्व जाणतो. या गोष्टी मी संस्थेला खिजवण्यासाठी सांगत नाही. त्या काळच्या मुंबईत व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर होते, वर्तमानपत्रात कलासमीक्षा लिहिणारे रूडी फॉन लायडन होते, बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने होती; १९५२ पासून जहांगीर कलादालन आले. म्हणजे जेजेच्या त्या सुवर्णयादीतला मोठा वाटा शाळेबाहेरच्या शहराचा आहे, आणि हा वाटा जेजेच्या विद्यार्थ्याला आजही पायी चालण्याच्या अंतरावर मिळतो. मुंबई निवडायची असेल तर हे खरे कारण आहे.

याच संदर्भात १९८१ चे एक प्रदर्शन मला फार बोलके वाटते. ‘प्लेस फॉर पीपल’ या नावाच्या त्या प्रदर्शनात सहा चित्रकार होते. गुलाम मोहम्मद शेख आणि विवान सुंदरम हे बडोद्याचे विद्यार्थी. नलिनी मलानी जेजेच्या. जोगेन चौधुरी कलकत्त्याच्या सरकारी कला महाविद्यालयातून आलेले, जे पुढे शांतिनिकेतनात शिकवू लागले. भूपेन खख्खर बडोद्याला गेले होते खरे, पण मुंबईत सनदी लेखापाल होऊन, आणि तेथे त्यांनी अभ्यास केला तो कलासमीक्षेचा. हिशेब लिहिण्याचे काम त्यानंतरही चालूच ठेवले. सहावे सुधीर पटवर्धन, जे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर म्हणून काम करत होते आणि लोकलमधली, रस्त्यावरची, कामावरून परतणारी माणसे रंगवत होते. तुमचा तक्ता या सहा जणांना तीन रकान्यांत बसवू शकत नाही. मुलीची एसटी स्टँडवरची वही चाळताना मला मात्र या प्रदर्शनाचीच आठवण झाली. त्या सहाही जणांना माणसे काढायची होती, तीही आपापल्या जागी, आपापल्या गर्दीत असलेली.

तुम्ही ‘इतर’ असा एक लहान रकाना करून त्यात भानू अथय्या यांना टाकले आहे, हे मात्र मला खटकले. त्या कोल्हापूरच्या, पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये. जेजेत चित्रकला शिकल्या, प्रोग्रेसिव्ह गटाबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शित झाली, मग मासिकांसाठी वेशभूषेची रेखाटने करता करता चित्रपटांकडे वळल्या आणि ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कॅनव्हासवरून कापडावर जाण्याने शिक्षण वाया गेले, असे त्यांच्या बाबतीत कोण म्हणेल? आणि ज्यांनी मुंबई मागे टाकून गावचा रस्ता धरला त्यांचेही एक उदाहरण तुमच्या अगदी जवळचे आहे. आबालाल रहिमान जेजेत शिकून कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि कोटितीर्थाच्या काठी निसर्गचित्रे रंगवत राहिले. तुम्ही कोटितीर्थावरून कितीदा तरी गेला असाल.

एक गोष्ट स्वतःची सांगते, कारण नामावळीला भुललेल्यांपैकी मीही एक आहे. मी ज्या कला महाविद्यालयात शिकले, तेथे प्रवेशद्वाराशी सोनेरी अक्षरांचा मोठा फलक होता आणि त्यावर सुवर्णपदक विजेत्यांची नावे वर्षवार रंगवलेली होती. पहिल्या दिवशी मी तो फलक शेवटपर्यंत वाचला होता. पण दुसऱ्या वर्षी व्यक्तिचित्रणाच्या अध्यापकांचे पद रिक्त झाले ते दीड वर्ष भरलेच गेले नाही. मॉडेल म्हणून एक वृद्ध गृहस्थ येऊन बसत, कार्यालयातील लिपिक हजेरी घेऊन जात आणि आम्ही वीस जण एकमेकांच्या चुका एकमेकांकडून शिकत असू. मग तासिका तत्त्वावर एक तरुण अध्यापक आले. त्यांनी माझे रेखाटन हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे गृहस्थ बसून बसून कंटाळले आहेत, हे तुमच्या चित्रात त्यांच्या चेहऱ्यापेक्षा गुडघ्यांत जास्त दिसते आहे. ते तुम्ही जाणून केलेत का?” मी जाणून केले नव्हते. त्या एका प्रश्नानंतर मी पाहायला शिकले, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही. त्या अध्यापकांचे नाव कोणत्याही यादीत नाही आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूकही पुढे चालू राहिली नाही.

तेव्हा तिन्ही संस्थांबाबत तुम्ही जे विचारायला हवे ते असे, की ही यादी ज्यांनी घडवली त्यांच्या वर्गात आज कोण उभे आहे. त्या त्या विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, त्यातली कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारण्यात संकोच करू नका. सार्वजनिक संस्था आहेत, विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. जेजेला २०२३ मध्ये कला, वास्तुकला आणि डिझाइन असे नाव धारण करून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तेथील अभ्यासक्रम, शुल्क आणि प्रवेशाची पद्धत यांची जुनी ऐकीव माहिती धरून चालू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना. बडोदा आणि शांतिनिकेतन येथील प्रवेशाच्या बाबतीतही हेच. शांतिनिकेतनचा विचार करताना मुलगी बंगाली ऐकत वर्षभरात शिकून घेईल का, आणि घरापासून इतके दूर राहणे तिला रुचेल का, हे तिलाच विचारावे. याचे उत्तर मी किंवा तुम्ही देण्यात अर्थ नाही.

माझे मत विचाराल तर, या वहीवरून मी आधी बडोदा पाहायला सांगेन. कारण पुरस्कारांचे नाही. चित्रांच्या कडेला तिने बारीक अक्षरांत लिहिलेल्या ओळी मी वाचल्या. पंढरपूर गाडीची वाट पाहणाऱ्या बाईंच्या पिशवीत काय असावे याचा तिने केलेला अंदाज, कंडक्टरच्या बोटातील अंगठीबद्दलची नोंद. जिला चित्र काढता काढता गोष्ट सुचते आणि ती लिहावीशीही वाटते, अशा मुलीला चित्रकलेच्या शेजारच्याच खोलीत कलेतिहास शिकवला जातो ही गोष्ट मोलाची ठरू शकते, आणि बडोद्याच्या शाखेत ते शेजार अगदी सुरुवातीपासून आहे. शेख यांनी तेथे आधी कलेचा इतिहास शिकवला आणि पुढे चित्रकला, ते काही उगीच नव्हे. पण हे मत वहीवरून दिलेले आहे, त्या विभागात आज जाऊन पाहिलेले नाही, म्हणून त्याला तितकेच वजन द्या. मुंबईतली प्रदर्शने, छापखाने, नाटकाची आणि चित्रपटाची दुनिया यांकडे तिचा ओढा असेल, तर जेजेच पहिले ठेवावे.

शक्य असेल तर प्रवेशाच्या आधी, वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत मुंबईला आणि बडोद्याला जाऊन या. त्या दिवसांत बाहेरच्यांनाही सगळे वर्ग पाहता येतात. पारितोषिकाची चिठ्ठी लावलेल्या चित्रांपुढे फार वेळ घालवू नका. शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन तेथील सर्व मुलांची कामे एका रांगेत पाहा. सगळ्यांची चित्रे एकाच हातातून उतरल्यासारखी वाटत असतील तर तेथे कोणीतरी एक शिक्षक फार जोरात शिकवत आहे, आणि एकमेकांशी त्यांचा काहीच संवाद दिसत नसेल तर बहुधा कोणीच शिकवत नाही. मुलांशी बोलण्याचे काम मुलीवर सोपवा आणि तुम्ही तेवढा वेळ ग्रंथालयात काढा. पुस्तकांवर धूळ आहे की बोटांचे रंग लागलेले आहेत, एवढे पाहिले तरी पुरे.

जाताना ही वही तिच्याजवळ असू द्या. मी ती आजच टपालाने परत पाठवत आहे. ती झेरॉक्स करून, बांधून, मुखपृष्ठ लावून नेऊ नका. आहे तशीच, चहाच्या डागासकट न्यावी. कोणी अध्यापक मोकळे दिसले तर तिने स्वतः जाऊन ती त्यांच्या हाती द्यावी आणि तुम्ही जरा लांब थांबावे. त्यांनी पहिले पान पाहून परत दिली, तर ‘छान आहे’ असे म्हणाले तरी नोंद करा. आणि एखाद्या पानावर थांबून त्या पंढरपूरच्या बाईंबद्दल काही विचारले, तर त्या अध्यापकांचे नाव विचारून घ्या आणि घरी आल्यावर तक्त्यात सर्वांत वर लिहा.